घरच्या हाय-फायसाठी परवडणारा स्ट्रीमर आणि संगीतसेवा कशी निवडावी

घरात चांगला अ‍ॅम्प्लिफायर आहे, स्पीकरची जोडी मनासारखी आहे, कपाटात सीडीही आहेत, पण नवे संगीत मात्र फोनवरच ऐकले जाते, अशा श्रोत्यासाठी हे मार्गदर्शन आहे. फोनमध्ये अडकलेले संगीत त्या स्पीकरपर्यंत नेणारे उपकरण म्हणजे म्युझिक स्ट्रीमर. इंटरनेटवरून किंवा घरच्या नेटवर्कवरून ध्वनीची डिजिटल माहिती घेणे आणि ती अ‍ॅम्प्लिफायरला चालेल अशा रूपात पुढे देणे, एवढेच त्याचे काम असते. हे काम चोख करणारी उपकरणे आज थोड्या खर्चात मिळतात आणि बहुतेक घरांना त्यापेक्षा महाग काही लागत नाही, असे माझे ठाम मत आहे. चूक होते ती निवडीच्या क्रमात. आधी उपकरण घरात येते आणि मग त्यावर आपली सेवा नीट चालत नाही हे लक्षात येते. म्हणून आधी सेवा ठरवावी, मग ती सेवा स्ट्रीमरपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते ते पाहावे, त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायरशी होणारी जोडणी तपासावी आणि उपकरणाचे नाव सर्वांत शेवटी निश्चित करावे.

सेवा निवडताना

मोठ्या सेवा आपल्याकडे दहा कोटींच्या आसपास ध्वनिमुद्रणे असल्याचे सांगतात, पण या आकड्याचा श्रोत्याला फारसा उपयोग नाही. आपण खरोखर पुन्हापुन्हा ऐकतो अशा वीस-पंचवीस अल्बमची यादी कागदावर लिहावी आणि प्रत्येक सेवेच्या चाचणीच्या काळात ती यादी शोधून पाहावी. शोधताना केवळ गाण्याचे नाव पाहू नये, आपल्याला हवे असलेले नेमके ध्वनिमुद्रण आहे का ते पाहावे. एकाच कलाकाराने एकच राग अनेकदा ध्वनिमुद्रित केलेला असतो, एकच सिम्फनी कितीतरी वाद्यवृंदांनी वाजवलेली असते, आणि यांतले आपले आवडते वादन सापडत नसेल तर बाकी सारा साठा व्यर्थ ठरतो. अभिजात संगीत ऐकणाऱ्यांनी शोधाची सोय विशेष काळजीने तपासावी, कारण बहुतेक सेवांची मांडणी गाणे, गायक आणि अल्बम या तीन खणांत बसणाऱ्या संगीतासाठी केलेली असते. अ‍ॅपलने २०२३ मध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी वेगळे अ‍ॅप आणले ते याच अडचणीमुळे. परवाने देशागणिक वेगळे असल्याने काही सेवा सर्वत्र मिळत नाहीत, आणि मिळतात तेथेही साठा सारखा नसतो; दुसऱ्या देशातील परीक्षण वाचून वर्गणी भरण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

यानंतर ध्वनीच्या दर्जाचा प्रश्न येतो. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ या मापाची आहे, म्हणजे तिच्यात ध्वनी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून प्रत्येक माप १६ बिटांत लिहिलेले असते, आणि तिच्यातून सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती वाहते. लॉसलेस म्हणवणारी सेवा हीच माहिती फ्लॅक किंवा तत्सम पद्धतीने आवळून पाठवते आणि आपल्याकडे ती मूळ रूपात, एकही बिट न गमावता, पुन्हा उलगडली जाते. एमपी३, एएसी किंवा ऑग व्हॉर्बिस या पद्धतींत मात्र कानाला कमी जाणवणारा भाग कायमचा गाळलेला असतो. अ‍ॅपल म्युझिक, टायडल, कोबझ आणि अ‍ॅमेझॉन म्युझिक यांच्याकडे सीडीच्या दर्जापासून २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंतचे लॉसलेस ध्वनिमुद्रण मिळते. डीझर सीडीच्या दर्जापर्यंत जाते. स्पॉटिफायची कमाल मर्यादा बरीच वर्षे ३२० किलोबिट होती. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झपर्यंतचे लॉसलेस देण्यास सुरुवात केली, तेव्हा आपल्या देशात कोणत्या वर्गणीत ही सोय मिळते ते पाहावे. यूट्यूब म्युझिक २५६ किलोबिटपर्यंत थांबते, पण अन्यत्र न मिळणाऱ्या जुन्या आणि दुर्मीळ मैफली अनेकदा तेथेच सापडतात, आणि अशा संगीताच्या चाहत्याने केवळ आकड्यांवरून ती सेवा नाकारू नये.

या आकड्यांना किती महत्त्व द्यावे? सीडीच्या मापात २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर आणि अगदी हळू आवाजापासून मोठ्यात मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलची व्याप्ती मावते, आणि माणसाचा कान तरुणपणीही साधारण २० किलोहर्ट्झच्या पलीकडे ऐकत नाही. मेयर आणि मोरान यांचा प्रयोग २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात उच्च मापाचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या मापात उतरवलेले रूप यांतील फरक श्रोत्यांना केवळ अंदाजाने जितका ओळखता आला असता त्याहून अधिक ओळखता आला नाही. २०१६ मध्ये त्याच नियतकालिकात अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा आला, आणि त्यात अगदी थोडा, पण प्रशिक्षित श्रोत्यांच्या बाबतीत वाढणारा फरक दिसला. माझा निष्कर्ष असा की सीडीच्या दर्जाचे लॉसलेस ही वाजवी अपेक्षा आहे आणि त्यापुढचे सारे मिळाले तर उत्तम, पण केवळ त्यासाठी अधिक वर्गणी देण्याची गरज नाही. मूळ ध्वनिमुद्रण आणि त्याचे मास्टरिंग, म्हणजे प्रसिद्धीपूर्वीचे अंतिम ध्वनिसंस्करण, कसे झाले आहे, याचा परिणाम बिट आणि किलोहर्ट्झपेक्षा कितीतरी मोठा असतो.

दोन सेवांची तुलना घरी करायची असेल तर आधी दोन्हींमधील आवाज समान पातळीवर आणण्याची सोय, जिला अ‍ॅपमध्ये सहसा नॉर्मलायझेशन म्हणतात, बंद करावी आणि नंतर दोन्हींची पातळी जुळवून घ्यावी. एक अर्ध्या डेसिबलनेही मोठी असेल तर मोठी ती चांगली वाटते, असाच आपल्या कानाचा स्वभाव आहे. शक्य असल्यास कोणती सेवा चालू आहे हे न पाहता, घरातल्या दुसऱ्या कोणाला बदल करायला सांगून ऐकावे. या साध्या प्रयोगाने निवडीतले बरेच ओझे उतरते.

सेवेपासून स्ट्रीमरपर्यंतचा मार्ग

निवडीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. सेवा तीच, उपकरण तेच, पण मार्ग बदलला की दर्जाही बदलतो आणि रोजचा अनुभवही.

पहिला मार्ग ‘कनेक्ट’ प्रकारचा आहे: स्पॉटिफाय कनेक्ट, टायडल कनेक्ट आणि २०२५ मध्ये आलेले कोबझ कनेक्ट. यात आपण सेवेचे नेहमीचे अ‍ॅप उघडतो, यादीतून स्ट्रीमर निवडतो आणि त्यानंतर स्ट्रीमर थेट इंटरनेटवरून संगीत घेऊ लागतो. फोन केवळ दूरनियंत्रकाचे काम करतो. त्यावर फोन आला, त्याची बॅटरी संपली किंवा तो घेऊन कोणी बाहेर गेले तरी संगीत थांबत नाही. घरातल्या प्रत्येकाला आपापल्या फोनवरून हे करता येते आणि वेगळे अ‍ॅप शिकावे लागत नाही. माझ्या मते हा सर्वोत्तम मार्ग आहे, आणि आपल्या सेवेचे कनेक्ट ज्या उपकरणात आहे ते उपकरण इतरांच्या पुढे ठेवावे. स्पॉटिफायचे लॉसलेस या मार्गाने हवे असेल तर स्ट्रीमरच्या निर्मात्याने त्याची सोय केली आहे का, एवढे मात्र आधी तपासावे.

दुसरा मार्ग गूगल कास्टचा. यातही संगीत स्ट्रीमर स्वतःच आणतो आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा दर्जा मिळू शकतो. त्याची जुनी उणीव म्हणजे दोन ट्रॅकच्या मध्ये पडणारा क्षणभराचा खंड. सुट्या गाण्यांना याने काही बिघडत नाही. पण विलंबित ख्यालातून द्रुताकडे जाणारे सलग गायन किंवा थेट मैफलीचे ध्वनिमुद्रण ट्रॅकमध्ये विभागलेले असेल, तर हा खंड नेमका रसभंगाच्या जागी येतो. खंड न पडता वाजण्याला गॅपलेस म्हणतात. प्रत्येक उपकरण कास्टने गॅपलेस वाजवतेच असे नाही, तेव्हा अशा संगीताच्या श्रोत्यांनी ही एक गोष्ट प्रत्यक्ष ऐकून पाहावी.

तिसरा मार्ग अ‍ॅपलच्या एअरप्लेचा. अ‍ॅपल म्युझिकसाठी अन्य कंपन्यांच्या स्ट्रीमरवर सहसा हाच मार्ग उपलब्ध असतो आणि त्यातून मिळणारा ध्वनी सीडीच्या दर्जाच्या पुढे जात नाही. वर सांगितलेल्या कारणांमुळे याचे दुःख करण्याचे कारण नाही. तरीही अ‍ॅपल म्युझिकचे २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनिमुद्रण जसेच्या तसे हवे असेल, तर आयफोन किंवा मॅक यूएसबीने डॅकला, म्हणजे डिजिटल माहितीचे विद्युत्-ध्वनिसंकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणाला, थेट जोडणे हा सोपा उपाय आहे.

ब्लूटूथ हा चौथा मार्ग पाहुण्यांच्या फोनसाठी ठेवावा. त्याची मूळ एसबीसी पद्धत साधारण ३२८ किलोबिटपर्यंत आणि एलडॅक ९९० किलोबिटपर्यंत जाते, म्हणजे सीडीची पूर्ण माहिती यांपैकी कशातूनही नेहमी अखंड जाईल याची हमी नसते. शिवाय फोनवरचे प्रत्येक सूचनेचे टुणटुण स्पीकरमधून ऐकू येते.

याखेरीज काही सेवा स्ट्रीमरच्या स्वतःच्या अ‍ॅपमधूनच चालवाव्या लागतात. अ‍ॅमेझॉन म्युझिकच्या बाबतीत असे अनेकदा होते. अशा वेळी निर्मात्याचे अ‍ॅप किती सफाईने चालते यावर सारे अवलंबून असते, आणि खरेदीपूर्वी ते अ‍ॅप फोनवर उतरवून त्याची मांडणी पाहून घेण्यास काही खर्च येत नाही.

अ‍ॅम्प्लिफायरशी जोडणी

आपल्या अ‍ॅम्प्लिफायरची मागची बाजू एकदा नीट पाहावी आणि तिचे छायाचित्र काढून ठेवावे. तेथे ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल अशी डिजिटल जोडणी असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये डॅक आहे, आणि स्ट्रीमरमधल्या उंची डॅकसाठी जादा खर्च करणे व्यर्थ आहे. साधा स्ट्रीमर त्या डिजिटल जोडणीवर लावला की काम झाले. केवळ लाल-पांढऱ्या आरसीए जोडण्या असतील तर स्ट्रीमरच्या अ‍ॅनालॉग आउटपुटचा उपयोग करावा लागतो, आणि तेव्हा त्यातल्या डॅकचा दर्जा विचारात घेणे योग्य ठरते. तरीही आजच्या साध्या डॅकचीही मापे इतकी चांगली असतात की खोलीतला गोंगाट आणि स्पीकरची विकृती यांच्यापुढे त्यांचे दोष नगण्य ठरतात. हाताशी थोडे पैसे उरले असतील तर ते स्पीकरवर किंवा त्यांच्या जागेच्या सुधारणेवर खर्च करावेत, असा माझा आग्रह आहे.

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘ऑक्स’, ‘ट्यूनर’, ‘टेप’ किंवा ‘सीडी’ असे लिहिलेली कोणतीही जागा चालते. ‘फोनो’ मात्र कधीही वापरू नये. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या अतिशय क्षीण संकेतासाठी असते. तेथे तो संकेत बराच वाढवला जातो आणि रेकॉर्डसाठी ठरलेल्या प्रमाणात खालचे स्वर उचलून वरचे दाबले जातात. स्ट्रीमरचा सुमारे २ व्होल्टचा संकेत तेथे दिला तर कर्कश आणि फाटलेला आवाज येतो.

आवाजाची पातळी कोठून नियंत्रित करायची, हेही ठरवून घ्यावे. अ‍ॅम्प्लिफायरला आवाजाची खुंटी असेल तर स्ट्रीमरचे आउटपुट ‘फिक्स्ड’ ठेवावे आणि आवाज तिथूनच कमीजास्त करावा. खुंटी नसलेला पॉवर अ‍ॅम्प्लिफायर असेल तर स्ट्रीमरचा आवाज बदलता ठेवणे भागच असते. अशा वेळी त्याच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा आधी घालावी आणि मगच पहिले गाणे लावावे, कारण पूर्ण पातळीवर अचानक सुरू झालेले संगीत स्पीकर निकामी करू शकते.

उपकरण

सर्वांत स्वस्त स्ट्रीमर बहुधा घरातच असतो. जुना फोन किंवा टॅब्लेट आणि त्याला जोडलेला लहानसा यूएसबी डॅक यांतून उत्तम आवाज मिळतो. अँड्रॉइडवर मात्र अनेक फोन सारा ध्वनी ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलून पुढे पाठवतात, हे माहीत असावे. अलीकडचे एव्ही रिसीव्हर आणि काही टीव्ही यांतही कनेक्ट किंवा एअरप्ले असते, आणि ते कोणी कधी चालू करून पाहिलेले नसते. खरेदीपूर्वी हे तपासावे.

स्वतंत्र उपकरण घ्यायचेच असेल तर कमी खर्चाच्या गटात वीम या नावाने येणाऱ्या स्ट्रीमरांनी गेल्या काही वर्षांत चांगला जम बसवला आहे. त्यांच्या मिनीमध्ये ऑप्टिकल आणि साधे अ‍ॅनालॉग आउटपुट मिळते. प्रोमध्ये आरसीए, कोअ‍ॅक्सियल, इथरनेट आणि गूगल कास्ट यांची भर पडते, आणि प्रो प्लसमध्ये अधिक चांगला डॅक असतो. २०२४ मध्ये आलेल्या अल्ट्रामध्ये पडदा, टीव्हीसाठी एचडीएमआय आणि रेकॉर्ड प्लेअरची जोडणी आली, पण बाजारात आला तेव्हा त्यात एअरप्ले नव्हते. म्हणजे अ‍ॅपल म्युझिकच्या श्रोत्याने केवळ सर्वांत महाग म्हणून तो घेतला असता, तर त्याची नेमकी हवी ती सोय गेली असती. सेवा आणि मार्ग आधी ठरवण्याचा आग्रह मी का धरतो, हे या एका उदाहरणावरून कळेल.

हाताने जुळवाजुळव करण्याची आवड असेल तर रास्पबेरी पाय हा लहान संगणक, त्यावर बसणारे डॅकचे कार्ड आणि व्हॉल्युमिओ, मूड ऑडिओ किंवा पायकोअरप्लेअर यांपैकी एक प्रणाली अशी रचना करता येते. तिला वेळ लागतो, पण बिघडलेला भाग आपण स्वतः बदलू शकतो आणि कोणा कंपनीच्या मर्जीवर ती अवलंबून राहत नाही.

ही शेवटची बाब मला फार महत्त्वाची वाटते. माझ्याकडचा एक स्ट्रीमर यंत्र म्हणून आजही धडधाकट आहे, पण त्याच्या निर्मात्याने अ‍ॅप अद्ययावत करणे थांबवल्यामुळे नव्या फोनवरून तो चालवताच येत नाही. गूगलचा क्रोमकास्ट ऑडिओ हा छोटा स्ट्रीमर २०१५ मध्ये आला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे मार्च २०२५ मध्ये कालबाह्य झालेल्या एका डिजिटल प्रमाणपत्रामुळे जगभरातले असे संच काही दिवस बंद पडले, आणि कंपनीने दुरुस्ती पाठवल्यावरच ते पुन्हा चालू झाले. याउलट लॉजिटेकने २०१२ मध्ये बंद केलेले स्क्वीझबॉक्स नावाचे स्ट्रीमर आजही अनेक घरांत वाजतात, कारण त्यांचे सर्व्हर सॉफ्टवेअर खुले होते आणि आता स्वयंसेवक ते लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने सांभाळतात. म्हणून यूपीएनपीसारख्या, म्हणजे घरच्या नेटवर्कवरील उपकरणांना एकमेकांशी जोडणाऱ्या, खुल्या पद्धतीने, इंटरनेटविनाही घरच्या साठ्यातून वाजू शकणारे उपकरण घ्यावे. आपल्या सीडी फ्लॅकमध्ये उतरवून एका डिस्कवर ठेवाव्यात आणि तिची एक प्रत वेगळ्या जागी असावी. करार संपल्यावर सेवेतून अल्बम नाहीसे होतात. जे आपल्याला अत्यंत प्रिय आहे ते आपल्या मालकीचे असलेले बरे.

नेटवर्क आणि पहिली जुळवणी

सीडीच्या दर्जाला सेकंदाला दीड मेगाबिटही लागत नाही, आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झला आवळण्याआधीसुद्धा साधारण ९.२ मेगाबिट लागतात. म्हणजे संगीत तुटत असेल तर दोष बहुधा इंटरनेटच्या वेगाचा नसून घरातल्या वाय-फायचा असतो. माझ्या घरी कित्येक दिवस दर काही मिनिटांनी आवाज तुटत असे. शेवटी अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या आवरणामागे ठेवलेला स्ट्रीमर हातभर बाजूला सरकवल्यावर तो प्रश्न कायमचा मिटला. शक्य तेथे इथरनेटची तार जोडावी. मोजून डेटा वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ३२० किलोबिटला तासाला १४४ मेगाबाइट लागतात, आणि सीडीच्या दर्जाचे लॉसलेस तासाला जास्तीत जास्त ६३५ मेगाबाइटपर्यंत जाते, प्रत्यक्षात बरेच कमी.

सेवेच्या अ‍ॅपमध्ये वाय-फाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड यांसाठी दर्जाच्या वेगवेगळ्या निवडी असतात आणि सुरुवातीला त्या सर्वोच्च नसतात, त्या स्वतः बदलाव्या लागतात. स्ट्रीमरच्या अ‍ॅपमध्ये इक्वलायझर सुरुवातीला बंद ठेवावा आणि वाजत असलेल्या ध्वनीचे बिट व किलोहर्ट्झ दाखवण्याची सोय असेल तर ती पाहून खात्री करावी. उपकरणात खोलीनुसार ध्वनी सुधारण्याची सोय असेल तर ती महिनाभराने, कान स्थिरावल्यावर, वापरून पाहावी. खोलीत घुमणारा खालचा स्वर तिने खरोखर आटोक्यात येतो.

परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी चार गोष्टी अवश्य तपासाव्यात. सलग ध्वनिमुद्रणात ट्रॅक बदलताना खंड पडतो का, ते ऐकावे. संगीत चालू असताना फोन पूर्ण बंद करून ते पुढे चालते का, ते पाहावे. रात्री राउटर बंद करून सकाळी चालू केल्यावर स्ट्रीमर आपणहून नेटवर्कशी जोडला जातो का, ते पाहावे. आणि घर शांत असताना, काहीही न लावता, नेहमीच्या पातळीवर अ‍ॅम्प्लिफायर ठेवून स्पीकरजवळ कान न्यावा. गुणगुण किंवा खरखर ऐकू आली तर आधी वीजपुरवठ्याचा अडॅप्टर बदलून पाहावा, मग ऑप्टिकल जोडणी वापरून पाहावी, आणि तरीही आवाज राहिला तर उपकरण परत करावे.